ऑटिझम असलेली मुलं व्हिडिओ गेममध्ये इतकी का रमतात? गेम बंद करावा का?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमचा अकरा वर्षांचा ऑटिझम असलेला मुलगा शाळेतून आला की माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळे खणून हवं ते बांधायचा गेम, उघडून बसतो, आणि सासूबाई म्हणतात की गेममुळेच हा असा झाला. आधी त्यांचं सांगतो. गेममुळे ऑटिझम होत नाही. मेंदूची घडण मुळातच वेगळी असते, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, आणि लक्षणं लहानपणीच, बहुतेकदा गेम खेळायचं वय यायच्या आधीच दिसायला लागतात. हा दोष गेमवर नको, आणि तुमच्यावर तर अजिबात नको.

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब बघतो आणि संध्याकाळी घरी येऊन शहर वसवायचा गेम खेळतो.

आमच्यासारखी मुलं जास्त खेळतात हे खरं आहे. 2013 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मायका मझुरेक आणि ख्रिस्तोफर एंगेलहार्ट यांचा अमेरिकेतला अभ्यास आला होता. त्यात ऑटिझम असलेले मुलगे दिवसाला सरासरी 2.1 तास खेळत होते आणि सर्वसाधारण वाढीचे मुलगे 1.2 तास. पण कशासाठी खेळतात, ते अशा आकड्यांतून कळत नाही. मझुरेक यांनीच पुढे 2015 मध्ये ऑटिझम असलेल्या तरुणांना थेट विचारलं. ताण हलका होतो, गोष्टीत रमता येतं, काहीतरी जमल्याचं समाधान मिळतं, लोकांशी जोडलं जाता येतं, अशी उत्तरं आली. हीच कारणं कुठलाही गेम खेळणारा देईल. वेळ फार जातो, सुटता सुटत नाही, हेही त्याच तरुणांनी सांगितलं.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते, इतरांना या गोष्टी बाहेरही सहज मिळतात, आम्हाला मिळत नाहीत.

आपल्याकडे कोल्हापुरात पोरं तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या, नादाने मैदानावर जातात. तिथं फुटबॉलचे नियम सोपे असतात हो, पण खेळाभोवतीचे नियम कुणी सांगत नाही. कोण थट्टेनं बोलतोय, कोण खरंच चिडलाय, संघात घ्या म्हणून कधी म्हणायचं, हे सगळं डोळ्यांवरून ओळखायचं. माइनक्राफ्टमध्ये हिरा खणायला लोखंडी किंवा त्याहून भारी कुदळ लागते, लाकडी चालत नाही. आज चालत नाही, उद्याही चालत नाही, समोरच्याचा मूड कसाही असो. दिवसभर शाळेत अंदाज बांधून थकलेल्या डोक्याला या ठामपणाची किती विश्रांती मिळते, हे शब्दांत सांगणं अवघड आहे.

आवाजाचंही तसंच. गणपती विसर्जनाला महाद्वार रोडवर डॉल्बीची भिंत लागते तेव्हा माझ्या छातीत धडधडतं, दुसऱ्या दिवशीही बोलवत नाही. गेमचा आवाज माझ्या हातात असतो.

आणि माणसं. तुमच्या मुलाला मित्र नकोच आहेत असं समजू नका. ब्रिटनचे अभ्यासक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्ये मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी होतो: आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. गेममध्ये बोलायला विषय हातात असतो, टाईप करायच्या आधी विचार करता येतो, नजर मिळवावी लागत नाही. कॅनडातले स्टुअर्ट डंकन, ज्यांच्या मुलाला ऑटिझम आहे आणि स्वतःलाही, त्यांनी 2013 मध्ये ऑटिस्टिक मुलांसाठी माइनक्राफ्टचा खास सर्व्हर, म्हणजे एकत्र खेळायची वेगळी ऑनलाइन जागा, सुरू केला, ऑटक्राफ्ट. इतर सर्व्हरवर या मुलांना त्रास दिला जात होता म्हणून.

म्हणून एकदम बंद करू नका. पण बेलगामही सोडू नका, कारण एका गोष्टीत बुडालो की आम्हाला बाहेर पडणं खरोखर जड जातं. मध्येच मोबाईल हिसकावला तर जो आकांत होतो त्याला हट्ट समजू नका. आधी सांगा, ठरलेली वेळ ठेवा, आणि थांबायची जागा गेममधलीच द्या: ‘घरात परत पोच, सामान पेटीत ठेव, मग बंद.’ रोज तेच वाक्य.

झोप उडाली, जेवण सुटलं, पूर्वी आवडणारं सगळं मागे पडलं, नुकसान दिसत असूनही आवरता येईना, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, जी 2022 पासून लागू आहे, गेमिंगचा विकार आहेच. पण त्यासाठी असं चित्र साधारण 12 महिने टिकलेलं लागतं. रोज दोन तास मन लावून खेळणं म्हणजे विकार नव्हे.

तोवर एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि त्यानं काय बांधलंय ते दाखवायला सांगा. प्रश्न मोजके विचारा, सल्ला देऊ नका. तो काय दाखवतो, कुणाची नावं घेतो, कुठल्या भागात सगळ्यात जास्त वेळ थांबतो, ते बघा. तो कशासाठी खेळतो हे तुम्हाला तिथं माझ्यापेक्षा नेमकं कळेल.