इगतपुरी जवळ, विहार लांब

चि. बाळास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. शेगावची पायी वारी, तुकडोजी महाराजांच्या मोझरीची सामुदायिक प्रार्थना, मग मोबाइलवरचे गुरू, शेवटी इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर. आणि आता म्हणतोस, ‘बाई, बुद्धच पटला, मागची वर्षं फुकट गेली.’ फुकट कशी रे? सिद्धार्थ गौतम आधी आलार कालाम या ध्यानगुरूकडे राहिला, मग उद्दक रामपुत्ताच्या परंपरेत शिकला. होतं तेवढं शिकून घेतलं. दोन्ही ठिकाणी मोठी जागा देऊ केली होती, तरी एवढ्यानं भागत नाही म्हणून निघाला. पण बोधी झाल्यावर धम्म आधी कुणाला सांगावा, तर त्याला हेच दोघे आठवले. ते तोवर वारले होते, ही गोष्ट वेगळी. मोझरीला तुला वेळेवर येऊन ओळीत बसायची सवय लागली असेल, तर ती ठेव.

दीक्षेची घाई मात्र मला पटत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग जमलेल्या लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांनी धर्म सोडायचं येवल्यात जाहीर केलं होतं १९३५ साली. मधली एकवीस वर्षं त्या माणसानं वाचण्यात, तपासण्यात घालवली, आणि तुला दिवाळीच्या आत उरकायचंय! आधी त्या बावीस प्रतिज्ञा कागदावर उतरवून काढ. देवदेवता मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, दारू पिणार नाही, सगळी माणसं समान मानीन. यातली कोणती तुझ्या घरात उद्या सकाळीच अडेल, तिच्यावर खूण कर. आईच्या देवघराला हात लावू नकोस. प्रतिज्ञा तू घेणार आहेस, तिनं नव्हे.

आता जरा टोचेल असं लिहिते. इगतपुरीला तू गाड्या बदलत, रात्र जागून गेलास. आमच्या मोहल्ल्यातला विहार तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे, आणि तिथं तू अजून चप्पल काढलेली नाहीस. का, ते तुलाही ठाऊक आहे. पारावर बसलेला कुणीतरी हटकेल, ‘तिकडं कुठी चालला बे?’ शिबिरात शेजारचा कोण, हे कुणी विचारत नाही. पहिले नऊ दिवस आपसांत बोलायचंच नसतं. गावात तू कुणाच्या सतरंजीवर बसलास, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. शिबिर चांगलंच आहे, श्वास बघणं सोडू नकोस. पण डोळे उघडल्यावर तू कुठं बसतोस, ते मी बघणार.

वर्षावासात, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्याकडे रोज संध्याकाळी बाबासाहेबांचं ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. धानाच्या रोवणीचे दिवस, बाया दिवसभर बांधीत वाकून आलेल्या, काही तर बसल्या बसल्या डुलक्या घेतात. घेऊ देत. सिद्धार्थानं घर का सोडलं, तो भाग त्यांना मुखोद्गत आहे. म्हातारा, आजारी, प्रेत बघून तो निघाला, हे बाबासाहेबांना पटलं नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारा पाहिलाच नसेल कसा? त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचं भांडण पुढं ठेवलं. सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय, दोघांची शेती एकाच पाण्यावर. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला, तर सिद्धार्थ म्हणाला, दोन्हीकडून दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी निवाडा करावा. बहुमत विरोधात गेलं, आणि त्यानं परिव्रज्या, म्हणजे घर सोडून संन्यास, पत्करली. नहराच्या पाण्यावरून ज्यांच्या घरी कुऱ्हाडी निघाल्यात, त्या बायांना हे समजावून सांगावं लागत नाही. तुझ्या बापाचीही त्या नहरावर जमीन आहे. त्यांच्यात बसून ऐक.

आणि हा धम्म आपल्या मातीत परका आहे, असं घरी कुणी म्हणालंच तर त्याला भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला ने. तिथं जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप निघाला, ब्राह्मी लेखांसकट. वाद घालत बसू नकोस, नुसतं दाखव.

आषाढी पौर्णिमेला ये. पांढरे कपडे असले तर घाल, नसले तर असतील ते चालतील. वंदना पाठ नसली तर ओठ हलवायचं नाटक करू नकोस, पुस्तक मिळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाचायची पाळी तुझ्यावर येईल, कारण आमचा वाचणारा पोरगा कामाला पुण्याला गेलाय आणि माझा मोतीबिंदू पिकलाय. आवाज मोठा ठेव, मागं बसणाऱ्या म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं.

तुझ्या,
बाई