सावंतवाडीहून गोव्यातल्या पेडण्याला राहायला गेलं तर आयकर कमी बसतो का?

दर कमी होत नाही. आयकर केंद्राचा असल्यामुळे महाराष्ट्रातल्या बांद्याला जो स्लॅब, तोच पत्रादेवी नाक्यापलीकडे गोव्यात. तरी 'गोव्यात टॅक्स कमी' हे तुम्ही ऐकलंत, त्यामागे दोन गोष्टी आहेत.

एक अगदी लहान. महाराष्ट्रात पगारातून व्यवसाय कर कापला जातो, वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये. गोव्यात हा करच नाही.

दुसरी खरी महत्त्वाची. पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी संहितेमुळे गोव्यात लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून 1961च्या आयकर कायद्यात कलम 5अ घातलं गेलं. त्यानुसार घरभाडं, व्याज, धंद्याचा नफा असं पगाराव्यतिरिक्तचं उत्पन्न दोघांच्या नावे निम्मं-निम्मं धरतात. भाडं 6 लाख आलं, तर प्रत्येकाच्या विवरणपत्रात 3 लाख. बायकोला दुसरं उत्पन्न नसेल तर घराचा एकूण कर बराच उतरतो. पगार मात्र ज्याचा त्याच्याच नावावर राहतो. अशा जोडप्याला आयटीआर-1 हा विवरणपत्राचा साधा फॉर्म चालत नाही, जोडीदाराचा पॅन देऊन वेगळी अनुसूची भरावी लागते. ती विसरू नका.

आणि नुसतं म्हापशाला भाड्याने घर घेऊन ही सवलत मिळत नाही, तुमच्या लग्नाला ती संहिता लागू असावी लागते. कोणी 'पत्ता बदला, कर वाचवा' म्हणत असेल तर कृपया त्याच्या नादी लागू नका.