मटण परवडतं का, असं विचारलंत म्हणून

भाऊ, तुम्ही लिहिलंत की जर्मनीत स्टुटगार्टकडे इलेक्ट्रिशियनचं काम मिळायची शक्यता आहे. आधी तुम्ही एकटे येणार, मग बायको आणि सहा वर्षांची मुलगी. तिघांचा किराणा किती, मटण-चिकन परवडतं का, शाळेचं काय, एकटं वाटतं का आणि घरी पैसे पाठवता येतील का, असं विचारलंत. व्हिसा, भाषेची परीक्षा, प्रमाणपत्रं याबद्दल मी काही लिहीत नाही. महाराष्ट्र आणि स्टुटगार्ट ज्यात येतं ते जर्मन राज्य बाडेन-वुर्टेनबर्ग यांच्यात 2024 साली करार झाल्यापासून त्याची माहिती तुम्हाला नागपुरात बसूनही मिळते. पण मटणाचं वाचलं आणि मला राहवलं नाही. आम्ही नागपूरच्या महाल भागातले. रविवार म्हणजे मटण, आणि मटण म्हणजे सावजी, असं घर होतं आमचं.

आधी आकडा घ्या. आम्ही तिघंच आहोत आणि महिन्याला 550 ते 650 युरो किराण्यात जातात. त्यात बाहेरचं खाणं नाही. 2021 मध्ये याच सामानाला साडेचारशेच्या आत भागायचं. मध्ये काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. युक्रेनचं युद्ध सुरू झालं, गॅस, वीज, खत सगळं महागलं, आणि 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये दुकानांत सूर्यफूल तेलाची फळी रिकामी असायची. माणशी एक-दोन बाटल्याच, अशी चिठ्ठी लावलेली असायची. जर्मनीत खाद्यपदार्थ 2022 मध्ये सरासरी 13.4 टक्क्यांनी महागले, आणि मार्च 2023 मध्ये तर आदल्या वर्षीच्या तुलनेत 22.3 टक्क्यांनी वर होते. आता महागाई उतरली असं तुम्हाला कोणी सांगेल. वाढायचा वेग उतरला आहे, भाव तिथेच आहेत. लोणी 2024 च्या शरदात पाव किलोला 2 युरो 39 सेंटला गेलं होतं, ते नंतर खाली आलं. पण मांस काही खाली येत नाही. इथे गुरांची संख्या वर्षानुवर्षं घटते आहे, आणि मेंढीचं मांस देशाच्या गरजेच्या निम्म्याहूनही कमी पिकतं, बाकीचं न्यूझीलंडसारख्या ठिकाणाहून येतं.

बोकडाचं विसरा. साध्या दुकानात मिळत नाही. मिळतं ते लाम, म्हणजे कोकरू, आणि तेही घ्यायचं तुर्की दुकानात. सुपरमार्केटात असतं ते बिनहाडाचं किंवा गोठवलेलं, त्याचा रस्सा होत नाही. आमच्या तुर्की दुकानात खांद्याचं मांस किलोला 18 युरोच्या आसपास आहे. 2025 मध्ये युरो शंभर रुपयांच्या वर गेला, म्हणजे किलोला अठराशे रुपये झाले. आई म्हणते नागपुरातही 800 च्या आसपास गेलं आहे, तेव्हा तिथे स्वस्ताई आहे असं नाही. पण तिथे अर्धा किलो आणलं तरी दुकानदार हाताने तोडून, चाप आणि नळी बरोबर वाटून देतो. इथे करवतीच्या यंत्रावर कापतात. हाडांचा भुसा मांसाला चिकटून येतो आणि तो चांगला दोन-तीन पाण्यांनी धुवावा लागतो, नाहीतर रस्सा दाताखाली कचकच लागतो. लहान तुकडे हवेत हे आधी सांगा, आणि चरबी काढायला सांगा. कोकराची चरबी जड असते, तर्री वर यायच्या ऐवजी साखळून बसते.

आणि रविवारी हे सगळं बंद असतं. सुपरमार्केट, तुर्की दुकान, सगळंच. रविवारचं मटण शनिवारी संध्याकाळच्या आत घरात आलं पाहिजे. पहिले काही महिने मला हे सर्वात विचित्र वाटायचं, रविवारी सकाळी रस्त्यावर कोणी पिशवी घेऊन जातच नाही.

चिकन परवडतं. तंगड्या घ्या, किलोला 4-5 युरोत मिळतात, छातीचं मांस त्याच्या दुपटीहून महाग. पाकिटावर जनावर कसं पाळलं त्याचे 1 ते 5 असे आकडे असतात. आकडा जितका वरचा तितकी त्याची राहणी बरी आणि भाव चढा. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी मांसावर 30 टक्के सवलतीचं लेबल लागतं. ते घेऊन त्याच रात्री शिजवायला किंवा फ्रीझरमध्ये टाकायला काही हरकत नाही, इथले लोकही घेतात. घरी मोठ्याचं चालत नसेल तर खिम्याच्या पाकिटावर ‘गेमिश्ट’ लिहिलं आहे का पाहा, त्यात गाय आणि डुक्कर दोन्ही असतं. रिंड (गाय-बैल), श्वाइन (डुक्कर), लाम (कोकरू), हेन्शन (कोंबडी), पूटे (टर्की) हे पाच शब्द बायकोला आत्ताच पाठ करायला सांगा.

आपल्या सामानाचं म्हणाल तर तूरडाळ, पोहे, कणीक मिळते, भारतीय दुकानात. भारताने जुलै 2023 मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा इथल्या आपल्या लोकांनी चार-चार पोती घरात भरली आणि उरलेल्यांना वाढीव भावाने घ्यावा लागला. ती बंदी सप्टेंबर 2024 मध्ये उठली. सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, लहानशी जुडी एक युरोला. नागपुरात कॉटन मार्केटात भाजीवर तो चिमूटभर असाच टाकून देतात हो, त्याचे पैसे कोण मोजतं!

जवस आणू नका, इथे प्रत्येक दुकानात आहे आणि स्वस्त आहे. खसखसही आणू नका. इथे निळी खसखस बेकरीच्या सामानात मिळते, सावजीचा रस्सा तसाही काळपटच असतो, चालून जाते. दुबई-शारजामार्गे तिकीट असेल तर खसखस बॅगेत अजिबात ठेवू नका. तिथे ती अमली पदार्थांत धरतात आणि माणसं अडकली आहेत. आणायचं तर भिवापुरी तिखट आणा, दगडफूल आणा, घरचा वाटलेला कोरडा मसाला आणा. तूप, खवा, मांसाचं काहीही युरोपात आणायला परवानगी नाही, ताजा कढीपत्ताही नाही.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. तुम्हाला पगाराचा आकडा सांगितला असेल, त्यातला तिसरा हिस्सा तरी कर आणि विम्यात जाईल असं धरा. मग भाडं, जे स्टुटगार्टच्या आसपास तिघांच्या घराला हजार युरोच्या खाली मिळणं कठीण आहे. मग वीज, इंटरनेट, रेल्वेचा महिन्याचा पास, जो 49 युरोंचा होता तो जानेवारी 2026 पासून 63 चा झाला. मुलीसाठी सरकार महिन्याला 259 युरो देतं, त्याचा मोठा आधार आहे. पण खर्चाच्या बाकी सगळ्या रकमा ठरलेल्या, खात्यातून आपोआप जाणाऱ्या. आपल्या हातात राहतो तो फक्त किराणा. कुठलाही खर्च अचानक आला की तो ताटातून जातो. आमच्याकडे आठवड्याचं मटण आधी पंधरवड्यावर आलं, मग महिन्यावर. ते पैसे कुठे गेले ते सांगते, कारण त्यात तुमच्या मुलीचाही प्रश्न आहे.

इथे या राज्यात चौथीतच ठरतं मूल पुढे कुठल्या शाळेत जाणार ते. विद्यापीठाकडे सरळ नेणारी शाळा म्हणजे गिम्नाझियुम. 2024-25 पासून नियम कडक झाला. शाळेची शिफारस, चौथीतली राज्याची ‘कोम्पास 4’ ही परीक्षा आणि आईवडिलांची इच्छा, यांतल्या दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर आणखी एक वेगळी परीक्षा. माझा मुलगा त्या पहिल्याच तुकडीत होता. नोव्हेंबर 2024 मध्ये परीक्षा झाली, गणिताचा पेपर अवघड होता आणि राज्यभर त्यावर ओरड झाली. त्याला जर्मन कच्चं म्हणून आम्ही आधीच शिकवणी लावली होती, तासाला 25 युरो, आठवड्याला दोन तास. मटण तिथे गेलं.

मग शाळेत बोलावलं. बाई लहान खुर्चीवर आमच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, मुलगा हुशार आहे, वागायला चांगला आहे, पण तुम्ही घरी जर्मन बोलत नाही. म्हणून रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. दहा मिनिटांत झालं सगळं. माझ्या पोराला पावकी-निमकी येते हो, आजीने फोनवर शिकवली आहे, आणि घरी मराठी बोलतो म्हणून त्याच्या नावावर उणे पडलं. त्या वेगळ्या परीक्षेला बसवायचं माझ्या मनात होतं. तो म्हणाला, आई नको, माझे मित्र तिकडेच चालले आहेत. रेआलशूलेतूनही पुढे गिम्नाझियुमच्या वरच्या वर्गांत जाता येतं, रस्ता बंद होत नाही, हे सगळे सांगतात आणि ते खरंही आहे. तो मजेत आहे. मला मात्र ती लहान खुर्ची अजून दिसते आणि राग येतो, आणि तो राग कुठे ठेवायचा ते मला कळत नाही. तुमची मुलगी सहा वर्षांची आहे, म्हणजे तिच्या हातात तीन-चार वर्षं असतील. तिला वर्षभर मागे ठेवून नंतर आणू नका. जमलं तर बरोबरच आणा. जितक्या लवकर ती इथल्या पोरांत खेळेल तितकं बरं. घरची मराठी मात्र सोडू नका, कोणी काहीही म्हणो.

नावाचंही बघा. पासपोर्टवर मुलीच्या नावाच्या रकान्यात तिचं आणि तुमचं, दोन्ही नावं एकत्र असतील तर इथे तुमचं नाव तिचंच दुसरं नाव म्हणून लागतं. माझ्या पोराला शाळेत महिनाभर बापाच्या नावाने हाक मारत होते. विम्याच्या कार्डावर एक नाव, रहिवासी कार्डावर दुसरं, आणि प्रत्येक कचेरी दुसऱ्या कचेरीचं पत्र मागते. रहिवासी कार्डाची मुदत संपून नवीन यायला आठ महिने लागले, त्यात बाहेर जायची धास्ती, म्हणून माझ्या आतेबहिणीचं लग्न गेलं. भंडाऱ्याला होतं. आम्ही एका ताटात जेवलेल्या बहिणी.

एकटं वाटतं का? वाटतं. सवय होते. त्याला घाबरून थांबू नका.

त्याहून मला लागतं ते वेगळं आहे. आपल्याकडे दारात कोणी आलं की ‘जेवून जा’ म्हणतो, आत काय शिजलं आहे ते न बघता. रस्सा वाढवता येतो, भाकरी टाकता येते. इथे किलोला 18 युरोचं मटण करते तेव्हा मी मोजते. माणशी किती तुकडे येतील, पोरासाठी दुसऱ्या दिवसाला राहील का. शेजारची तेलुगू मुलगी दार वाजवते, आणि ‘ये, बस’ म्हणायच्या आधी माझ्या मनात हिशोब होऊन गेलेला असतो. मी तिला वाढतेच. पण तो हिशोब माझ्या आईच्या मनात कधी झाला असेल असं मला वाटत नाही, आणि तिच्याकडे माझ्याहून पुष्कळ कमी होतं. भाव वाढल्याचं सगळे पैशात सांगतात. मला तो असा वाढला.

म्हणून एक करा. येण्याआधी बायकोबरोबर बसून ठरवा की ताटातली कुठली गोष्ट कापायची नाही. आमच्याकडे आता महिन्याचा पहिला शनिवार ठरला आहे. दीड किलो आणतो, रविवारी दुपारी करते आणि कोणाला ना कोणाला बोलावतो. त्या खात्यातून शिकवणीलाही पैसे काढायचे नाहीत. बाकी तीन रविवार अंडी, तंगड्या, वडा-भात. ते चालतं.

घरी पैसे पाठवता येतील का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी बायकोलाही काम मिळालं तर थोडे. आईबाबांना हे आत्ताच सांगा, समोर बसून. मी आईला अजून फोनवर सांगते की इथे सगळं स्वस्त आहे.