लोन काढलं तर घर जाईल का हो मॅडम?

बारावीचे निकाल लागले की माझ्याकडे येणारे पालक कोर्सपेक्षा कर्जाबद्दलच जास्त विचारतात. असंच एक कुटुंब आलेलं, मुलाला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, इंजिनीअरिंगला ऍडमिशन मिळालेली, घरात आजवर कुणी कर्ज काढलेलं नाही. वडील म्हणाले, "मॅडम, दहा लाख लागतायत, बँक घराचे कागद मागतेय, उद्या ह्याला नोकरी नाही लागली तर आम्ही जायचं कुठं?" तेवढ्यात मुलगा खाली मान घालून म्हणाला, राहू दे, मी बीएस्सीच करतो.

त्याला बीएस्सी करायचीच नव्हती, बापाचा चेहरा बघून तो माघार घेत होता. अशी पोरं खूप येतात आणि दरवेळी मनाला लागतं.

म्हटलं, आधी हे दहा लाख आले कुठून ते कागदावर लिहू. चार वर्षांची पूर्ण फी, होस्टेल, महागडा लॅपटॉप आणि वर असू द्यावेत हाताशी म्हणून लाखभर. आता घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि ऍडमिशन कॅपमधून, म्हणजे महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेचा फॉर्म भरला तर निम्मी ट्युशन फी सरकार भरतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं! (मॅनेजमेंट कोट्याला हे मिळत नाही, लक्षात ठेवा.) लॅपटॉप साधा घ्यायचा ठरलं, हाताशीचा लाख खोडला, आकडा आला सहा लाखांवर. आणि साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत, म्हणजे घराच्या कागदांचा विषयच संपला. वडील सहकर्जदार राहतातच, हप्ते थकले तर दोघांचाही सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब होतो, तेही मी स्पष्ट सांगितलं.

मग व्याज. हप्ता कोर्स संपून वर्षभराने सुरू होतो म्हणून लोकांना वाटतं तोवर काही नाही, पण व्याज पैसे उचलल्यापासून चालू असतं. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या योजनेत या काळाचं व्याज सरकार भरतं, फक्त कॉलेज नॅकचं किंवा कोर्स एनबीएचा मान्यताप्राप्त हवा (दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था). केंद्राच्याच पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंतवाल्यांना व्याजात ३ टक्के सवलत आहे, पण योजनेच्या यादीतल्याच कॉलेजांना. यांचं उत्पन्न साडेचारच्या वर आणि कॉलेज यादीत नाही, म्हणून स्वतःच भरायचं. दरवर्षी दीड लाख उचलले, व्याज १० टक्के धरलं, तर पाच वर्षांत २ लाख १० हजार व्याज मुद्दलात जातं आणि दहा वर्षांचा हप्ता बसतो साधारण १०,७०० रुपये. तेच व्याज शिकतानाच भरत गेलं तर हप्ता ७,९०० च्या आसपास. पहिल्या वर्षी महिन्याला फक्त १,२५० भरायचे, चौथ्या वर्षी ५,०००. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "एवढं तर मी भरतो की."

नोकरीचा प्रश्न राहिलाच होता. त्यावर मी एवढंच सांगितलं की उशीर होतोय असं दिसलं तर पहिला हप्ता चुकायच्या आधी ब्रँचमध्ये जा, मुदत वाढवून द्या असा लेखी अर्ज करा, पोच घ्या. आणि पगार सुरू झाला की जादा पैसे मुद्दलात भरा, फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या, लोनला त्याचा दंड लागत नाही.