भावाने धरलेला हात सुटत नाही, म्हणून…

ताई, मुलगी दोन वर्षं कराटेला जाते, पण भावाने घरी गमतीत मनगट धरलं तरी तिला सोडवता येत नाही; मग फी वाया गेली का, असं तुम्ही विचारलंत. वाया नाही गेली. तोल, चपळाई, अंतराचा अंदाज हे तिला आलं असणार. फक्त समोरचा ऐकत नसताना काय करायचं, ते अजून शिकवलेलं दिसत नाही.

क्लासमध्ये जोडीदार मनगट धरून पुतळ्यासारखा उभा राहतो. पकडीची फट अंगठ्याकडे असते, तिकडून झटका दिला की हात सुटतो. भाऊ मात्र खेचतो, दुसऱ्या हाताने दंड धरतो, वर हसतो.

जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये ज्युदोची ‘कोदोकान’ ही शाळा काढली तेव्हा सरावातून घातक डाव बाजूला ठेवले. त्यामुळे उरलेले डाव झगडणाऱ्या माणसावर पूर्ण जोराने करता आले. या सरावाला रांदोरी म्हणतात. उलट, डोळ्यात बोट घालण्याचा ‘रामबाण’ डाव वर्गात कुणी खरा केलेलाच नसतो!

तेव्हा भावालाच कामाला लावा. आधी हलकी पकड, मग ओढाओढ, मग ती बेसावध असताना. ‘थांब’ म्हटलं की दोघांनी थांबायचं, यात सूट नाही. कपडे रोजचे, खांद्याला बॅग, पायात चप्पल. आपल्याकडे पावसात रेनकोट घातला की लाथ गुडघ्याच्या वर जात नाही, हे एकदा तिला कळू दे. शेवाळलेल्या चिऱ्यांवर मात्र नको, सराव कोरड्या जागीच. सुरू करण्याआधी तिला जिना चढ-उतार करायला लावा. छाती धडधडत असताना बोटांची नाजूक कामं बिघडतात, ढोबळ झटके तेवढे जमतात.

ओरडण्याचाही सराव हवा, ऐन वेळी आवाजच फुटत नाही. (शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर अख्खा वाडा गोळा होईल.) आणि हात सुटला की पळायचं, उजेडाकडे, माणसांकडे, मग ११२. भारतीय न्याय संहितेचं कलम ३७ बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करायला मुभा देत नाही, म्हणून ‘सुटले, आता दोन ठोसे देते’ ही सवय सरावातही लागू देऊ नका.

तिच्या सरांना विचारा, असा झगडता सराव घेता का. ‘आमचे डाव फार घातक, खरे करून दाखवता येत नाहीत’ असं उत्तर आलं, तर क्लास बदला.