जुन्या फ्लॅटमधला किटकॅट फ्यूजचा (चिनी मातीचे, तार घातलेले जुने फ्यूज) बोर्ड बदलून एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारे स्विच) बसवावेत का?

होय, बसवाच. पण तुम्ही लिहिलंय की एसी आणि गीझर एकदम लावले की फ्यूज उडतो, तर नुसता बोर्ड बदलून भागणार नाही. आधी भिंतीतली वायर तपासून घ्या. दोन किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो, दीड टनाचा एसी साधारण 7-8. दोन्ही एकाच जुन्या सर्किटवर असतील तर वायर तापणारच. 'सारखा ट्रिप होतो' म्हणून कोणी मोठ्या अँपिअरचा एमसीबी टाकायला निघाला तर त्याला थांबवा. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की आधी वायर जळते. गीझर आणि एसीला प्रत्येकी 4 स्क्वेअर एमएम तांब्याची स्वतंत्र लाइन ओढून घ्या.

आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) मात्र टाळू नका, 30 मिलिअँपिअरचाच घ्या. शॉक लागल्यावर माणसाला वाचवतो तो हाच, एमसीबी नव्हे. जुन्या घरांत बऱ्याचदा दोन सर्किटचे न्यूट्रल (करंट परत जाण्याच्या वायर) एकत्र बांधलेले असतात, मग आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. वायरमन तो काढून टाकू म्हणेल. तुम्ही न्यूट्रल वेगळे करायला लावा. अर्थिंगही मोजून घ्या.

वीजबिलावरचा मंजूर भारही पाहा. कमी असेल तर महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज करा. काम लायसन्स असलेल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्या.