महाराष्ट्रात औद्योगिक हेम्पच्या शेतीला परवानगी द्यावी का? शेतकऱ्याला परवडेल का?

द्यावी. पण व्हिडिओत दाखवतात त्या एकरी लाखो रुपयांच्या आशेवर असाल तर सोडून द्या.

हेम्प म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड, पण नशेचा अंश अगदी कमी असलेलं, धाग्यासाठी आणि बियांसाठी लावतात ते. मुळात त्यावर सरसकट बंदी नाहीये. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा, त्यातच कलम १४ आहे, धागा किंवा बी काढायला सरकार लागवडीची परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने २०१८ ला दिली, टीएचसी, म्हणजे नशा आणणारा घटक, ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे या अटीवर. म्हणजे कायदाच आडवा येतो हे आमच्या दाजींचं लाडकं वाक्य अर्धवट आहे. विनापरवाना लावलं तर मात्र कलम २०, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

आता मी हे लिहायला का बसलो ते. आमच्या बांधावर वडील अंबाडी लावायचे, भाजीला आणि वाखाला, म्हणजे दोरीच्या धाग्याला. अंबाडीची वरची पानं अशी फाटलेली असतात की लांबून गांजाच वाटतो. ज्या भावकीशी बांधावरून आमचं वाजलेलं त्यातल्याच कुणीतरी एका पावसाळ्यात फोन केला आणि पोलिसांची जीप थेट वावरात. वडील सांगतायत साहेब ही अंबाडी आहे, खोडाला हात लावून बघा बारीक काटे लागतात, अजून थोडे दिवस थांबा पिवळं फूल येईल, साहेब ऐकायलाच तयार नाहीत. शेवटी आईने पान तोडून शिपायाच्या हातात दिलं, खाऊन बघा. त्याने चावलं, तोंड आंबट केलं आणि म्हणाला साहेब, आमच्यात कण्या घालून भाजी करतात ह्याची. तरी वडलांना दुपारभर ठाण्यात बसवून जबाब घेतलाच. गावात गांजावाले म्हणून नाव पडलं ते वेगळं. ताईच्या सोयरिकीच्या बैठकीत पण हा विषय काढला गेला, आणि काढणारे हेच दाजी, जे आज सोयाबीन मोडून हेम्प लावू म्हणतात!

तर माझा प्रश्न एवढाच, ज्यांना अंबाडी ओळखता येत नाही ते ०.३ आणि ०.५ टक्के कसं ओळखणार? डोळ्यांनी ते कुणालाच दिसत नाही, लॅबच लागते. रिपोर्ट येईपर्यंत पीक कुणाच्या ताब्यात, आकडा वर गेला तर नष्ट करायचं आणि खर्च कुणी भरायचा, हे आधी कागदावर यायला पाहिजे, परवानगी नंतर.

दुसरं, धागा काढणार कोण? दाजींनी कधी अंबाडी भिजवलेली नाही. पेंढ्या ओढ्यात दगडाखाली बुडवायच्या, पंधरावीस दिवस सडू द्यायच्या, मग त्या घाण पाण्यात उभं राहून साल सोलायची, धुवायची, वाळवायची, अंगाचा वास जाता जात नाही. नायलॉनची दोरी आली आणि वडलांनी कासरे वळणं बंद केलं, ते काय आळशी नव्हते. हेम्पच्या धाग्याचं पण तेच, सोलायचं मशीन जवळपास नसेल तर ट्रॉलीभर काड्या घेऊन जाणार कुठे? बियाचं जरा बरं आहे, २०२१ ला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने, हेम्पचं बी आणि तेल खाद्य म्हणून मान्य केलंय.

आणि बियाणं कुठलं आणणार? युरोपातल्या धाग्याच्या जाती तिकडच्या सोळा तासांच्या दिवसात वाढतात, आपल्याकडे सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, झाड लवकर फुलावर येतं आणि उंची मारली जाते. देशी घ्यावं तर ०.३ च्या वर जायची भीती. त्यामुळे विद्यापीठांनी आधी आपल्या हवेची जात काढावी, हे मी दाजींना कितीदा सांगितलं, ते म्हणतात कापूसवाल्यांची लॉबी हेम्प येऊ देत नाही.

उत्तराखंडच्या डोंगरात गणित वेगळं असू शकतं, तिथे माकडं आणि रानडुकरं दुसरं पीक ठेवत नाहीत. मी कोरडवाहू सपाट रानापुरतं बोलतोय, शिवाय मी वकील नाही.

पण ऑनलाइन बी मागवून ट्रायल म्हणून एक ओळ पण पेरू नका. बी खाणं वेगळं, पेरणं वेगळं. ताईला सांगून ठेवलंय, दाजींच्या नावाने पार्सल आलं तर सही करू नको.